देवळालीचे मास्तर

चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या कागदावर लिहा. अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७ येते, मग ८३५२, मग ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च. फार तर सात पायऱ्या लागतात.

ओसाकाच्या अर्थशास्त्र विद्यापीठातले युताका निशियामा यांनी २००६ मध्ये या संख्येवर लेख लिहिला. शोध मात्र आपल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७चं रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी. विद्यापीठाची खुर्ची कधीच नाही. पुस्तिका छापायच्या त्याही पदरमोड करून. १९४९च्या मद्रास परिषदेत त्यांनी ६१७४ मांडली. देशातले पुष्कळ गणिती त्यांच्या कामाला हसत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. मास्तर निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

अशांच्या निःस्पृहतेचं आपण तोंडभर कौतुक करतो. त्याला पैसे पडत नाहीत ना! आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगायच्या कलेच्या, पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, राजाश्रय गेल्यावरही. परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. पद्मश्री आली २०२१ मध्ये. सांभाळणाऱ्यांचं मोठेपण निर्विवाद आहे; पण ते सांगताना आपण इतकी वर्षं कुठे होतो, हा प्रश्न सोयीस्करपणे गळतो.

खुर्ची मिळाली असती तर कापरेकर असे घडलेच नसते, असंही कुणी म्हणेल. असेलही. पण ते म्हणायचा हक्क त्यांचा होता, आपला नव्हे.

तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेत असा छांदिष्ट मास्तर असेलच. शाल-श्रीफळ राहू द्या. त्याच्या पुस्तिकेचा छपाईखर्च उचला, परिषदेला जायचं रेल्वेभाडं द्या, आणि जमलं तर त्याच्या वाटणीचं एखादं सर्वेक्षण कमी करा.