मत्स्योदरी आईच्या चरणी

आई मत्स्योदरी, अंबडच्या ज्या टेकडीवर तू बसलीस, ती टेकडीच माशाच्या आकाराची. समुद्र आमच्यापासून कितीतरी कोस लांब, विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवणाऱ्या, आणि अशा जालना जिल्ह्यात तू माशावर ठाण मांडलंस. नवरात्रात तुझ्या पायऱ्या चढताना आजवर आम्ही मागतच आलो. पाऊस मागितला, मोसंबीला भाव मागितला, लेकराबाळांची खुशाली मागितली. आज मागण्याआधी, जे पदरात पडलं ते तुझ्या कानावर घालायचं आहे.

दिवाळी सरल्यावर आम्ही मित्र घनसावंगी तालुक्यातल्या जोगलादेवीच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. आमच्यातला एक जण भोयाचा. होडी त्याची, जाळं त्याचं, आणि गोदामाईच्या पाण्याची खूणगाठही त्याचीच. सांजच्याला सोडलेलं जाळं उचलायला भल्या पहाटे निघालो. फुगवट्यावर इतकं धुकं होतं की मागचा काठ दिसेना. जाळ्यात चिलापी, दोन-चार रोहू, एक वाम, असं रोजचंच लागत होतं. आणि एकाएकी वरची दोरी पाण्याखाली गेली. होडी एका अंगाला कलली. आम्ही सगळे दोरीला झोंबलो, तसा तो ओरडला, "वढू नगा रं, सैल सोडा! दमू द्या त्याला." मग जाळं जरा सोडायचं, जरा आवळायचं, असं किती तरी वेळ चाललं. शेवटी पाण्यावर रुपेरी कूस उलटली. हे एवढं डोकं, वर वळलेला रुंद जबडा, रुपयाहून मोठे खवले. कटला होता, आई. काठावर काट्याला लावला, तर सोळा किलो भरला.

आम्ही हरखून गेलो होतो. होडीवाला मित्र मात्र माशाच्या पाठीवरून ओला हात फिरवत म्हणाला, "चार-पाच सालं डोह आटला न्हाई, म्हणून एवढा झालाय."

आई, त्याचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. कटला साचल्या पाण्यात वीण करत नाही. त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणा-तलावांत मच्छीमार सोसायट्या बोटुकली आणून सोडतात. नखाएवढ्या पिलाचं बोटाएवढं होतं, बोटाएवढ्याचं हातभर. आमच्याकडे मात्र बहुतेक तळी चैत्र-वैशाखात कोरडी पडतात आणि मासा वर्षाच्या आतच काढावा लागतो. सोळा किलोचा कटला होतो तो कुठे तरी उन्हाळ्यामागून उन्हाळे पाणी टिकलं म्हणून. आम्हाला घबाड लागलं असं वाटलं. खरं तर तू साठवून ठेवलेलं आम्ही एका सकाळी उचललं.

पाणी गेलं की काय होतं, हे तुझ्या टेकडीनं पाहिलंय. 1972 साली याच मुलखातली माणसं पोटासाठी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. 2012-13 च्या दुष्काळात पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि बापांनी त्या आपल्या हातानं तोडल्या. जालना शहरात माणसं टँकरची वाट पाहत बसली. त्या साली या पात्रात कुणी जाळं टाकलं असतं, तर काय लागलं असतं?

समुद्राची गोष्टही वेगळी नाही. पालघरच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना 2021 च्या ऑगस्टअखेर एकाच फेरीत दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि त्यांचे कोटीच्या वर पैसे झाल्याचं आपण सगळ्यांनी वाचलं. पण त्याआधी 1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावरच्या यांत्रिक होड्या बंदरात बांधलेल्या होत्या. विणीच्या दिवसांत दर्याला दोन महिने हात न लावण्याची ती रीत. दर्यावर जाणाऱ्या त्या भावांनाही सुखरूप ठेव, आई. त्यांची जाळी भरू दे, आणि वाट पाहणाऱ्या घरी त्यांची पावलं वेळेवर पोचू दे.

त्या कटल्याचे आम्ही वाटे केले. पहिला होडीवाल्याचा, मग आमचे, मग काठावर जमलेल्या प्रत्येकाच्या घरी एकेक. कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही. ही वाटणी आमच्या अंगवळणी पाड. गोदावरीचं पाणीही असंच वाटून खाल्लं जाऊ दे. समन्यायी वाटपाचा कायदा 2005 साली झाला, तरी दर टंचाईला वरचे आणि खालचे एकमेकांसमोर उभे राहतात. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याचंही शिवार भिजू दे, पैठणचा नाथसागरही भरू दे. वरच्यांना सोडण्याची बुद्धी दे, आणि आम्हा खालच्यांना आलेलं पाणी जपण्याची.

नदीच्या पोटातली वाळू रात्री-बेरात्री उपसणाऱ्यांचे हात आवर. वाळू आहे तोवर पात्र पाणी धरून ठेवतं, ती गेली की उरतो नुसता खडक. बारीक आसाचं जाळं लावून बोटुकलीही गाळून काढायचा मोह आमच्यातल्या कुणाला झाला, तर त्याचा हात धर. ज्या भोई-कोळ्यांचं पोट या पाण्यावर आहे, त्यांचा हक्क कुणी पैसेवाला हिरावून घेणार नाही, एवढं बघ.

आणि आई, आमची मैत्री राहू दे. एकानं सैल सोड म्हटलं की बाकीच्यांनी ऐकावं, एवढा विश्वास आमच्यात राहू दे. यंदा सोसायटी बोटुकली सोडेल तेव्हा आम्हीही हातभार लावायला जाणार आहोत. ती पिलं मोठी होतील तेव्हा आम्ही असू किंवा नसू. ज्यांच्या जाळ्यात ती लागतील त्यांची तोंडं आम्हाला ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी पाणी राहू दे.

आई, तुझा उदो उदो.