शेताचा कोपरा, ओढ्याचा काठ



गेल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. चर्चच्या आवारामागे ओढ्याकाठी करंजाची दोन जुनी झाडे होती. पालापाचोळा फार पडतो म्हणून मी ती तोडून घेतली. पावसाळ्यात काठ ढासळला, माती वाहून गेली आणि खालचा डोह गाळाने भरला. कार्यकारणभाव मी सेमिनरीत शिकलो होतो. समजला तो ओढ्याकाठी.

झाडांची मुळे काठ धरून ठेवतात. सावलीमुळे पाणी थंड राहते आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. पानांवरचे किडे, पडलेली उंबरे हे माशांचे अन्न. गाळ आला की खडीतली अंडी गुदमरतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे सॅमन मासा कमी झाला, तेव्हा तेथील लोकांनी ओढ्याकाठी पुन्हा झाडे लावली, ती याचसाठी.

आपल्याकडे सॅमन नाही. खडस, म्हणजे महासीर, आहे. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार केली जातात. पण पिल्लांना घर हवे. कुकडी, मीना, घोड यांवरची धरणे आपण हलवू शकत नाही. काठ मात्र आपल्या हातात आहे. आज कांद्या-टोमॅटोची सरी थेट पाण्यापर्यंत जाते आणि पहिल्या पावसात खत-औषधही तिथेच उतरते.

लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात देव शेतकऱ्याला सांगतो की, कापणी करताना शेताचे कोपरे सोड. ते गरिबाचे व परक्याचे आहेत. ओढ्याचा काठही असाच कोपरा आहे. तो खालच्या गावाचा आहे आणि ज्याला बोलता येत नाही त्या माशाचाही.

कोणी म्हणेल, "फादर, एकरभर रानवाल्याने काठ सोडायचा कसा?" प्रश्न खरा आहे. म्हणून भार त्याच्या एकट्यावर नको. जो दोन सऱ्या सोडील, त्याच्यासाठी खड्डे, रोपे आणि राखण आपण सर्वांनी करावी. सुरुवात माझ्या चुकीच्या जागेपासून करू. येत्या पावसाळ्यात तिथे करंज, उंबर, जांभूळ लावू.

यहेज्केल संदेष्ट्याने (अध्याय ४७) मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेली नदी पाहिली. तिच्या दोन्ही काठांवर झाडे होती आणि पाण्यात विपुल मासे. आपला ओढाही प्रभुमंदिरामागूनच खाली जातो. तो काय घेऊन जातो, याचा जाब देव आपल्याला विचारील.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो. आमेन.

तुमचा प्रभुसेवक,
धर्मग्रामाचे फादर