कलावंताची कादंबरी आणि किमतीचा प्रश्न

चित्रकाराच्या जीवनावर लिहिलेल्या कादंबरीपुढे आरंभापासूनच एक अडचण उभी असते. आपला नायक थोर कलावंत आहे असे तिला सांगायचे असते. पण त्याचे चित्र ती दाखवू शकत नाही. नायक कवी असता तर त्याची कविता पानावर उतरविता आली असती. चित्राचे तसे नाही. भाषा कालात उलगडत जाते, चित्र अवकाशात एकसमयावच्छेदेकरून सामोरे येते, हा भेद लेसिंगने ‘लाओकून’मध्ये (१७६६) मांडला. तो केवळ माध्यमविषयक वाटला तरी त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे चित्र वाचकाला दिसतच नाही, त्याच्या थोरवीचा पुरावा कादंबरी कोठून आणते? पुष्कळदा ती तो इतरांच्या दुःखातून आणते आणि तसे करताना किंमत व मूल्य यांची गल्लत करते, असे येथे सुचवायचे आहे.

सॉमरसेट मॉमची ‘द मून अँड सिक्सपेन्स’ (१९१९) हे या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण. लंडनमधील शेअरदलाल चार्ल्स स्ट्रिकलंड बायकामुलांना टाकून पॅरिसला जातो. तेथे आजारपणात त्याला स्वतःच्या घरी आणणाऱ्या डर्क स्ट्रूव्हची पत्नी ब्लांश नवऱ्याला सोडून स्ट्रिकलंडची होते. आणि स्ट्रिकलंड तिला सोडतो तेव्हा विष घेऊन मरते. पुढे स्ट्रूव्हच्या हाती तिचे नग्नचित्र लागते. तो ते फाडायला धावतो आणि थबकतो. कारण ते चित्र असामान्य असते. स्ट्रूव्ह सामान्य चित्रकार असला तरी त्याची पारख अचूक आहे, हे निवेदकाने आधीच सांगून ठेवले आहे. परंतु पारख फार तर अभिप्राय देते. त्या अभिप्रायाला वजन येते ते शोकामुळे. ज्याने सर्वाधिक गमावले त्याचाच हात धजत नाही, तेव्हा वाचकाने शंका कशी घ्यावी? स्ट्रूव्हचे दुःख येथे दुःख राहत नाही, ते चित्राचे प्रशस्तिपत्र होते. ताहितीतील झोपडीच्या भिंतींवरची अखेरची कृती तर स्ट्रिकलंडच्या इच्छेनुसार जाळलीच जाते. जे पाहताच येणार नाही, त्याची परीक्षाही होऊ शकत नाही.

स्ट्रिकलंडमागे पॉल गोगँ आहे, हे उघड आहे. पण मॉमने काय गाळले तेही पाहिले पाहिजे. गोगँ शेअरबाजारात असतानाच चित्रे काढीत व प्रदर्शित करीत होता. १८८२च्या बाजारकोसळीनंतर त्याचा तो व्यवसाय सुटला. पत्नी मेत आणि पाच मुले यांच्याशी त्याची ताटातूट हळूहळू होत गेली. १८९१ मध्ये तो ताहितीला पोहोचला. तेथे त्याने जिला सोबतीण केले ती तेहामाना त्याच्याच कथनानुसार सुमारे १३ वर्षांची होती. संथ, गुंतागुंतीच्या आणि काही बाबतींत अधिक लज्जास्पद अशा या जीवनक्रमाऐवजी मॉम एकच झगझगीत क्रौर्य देतो. क्रौर्य जितके निखळ, तितकी प्रतिभेची ओढ अनिवार वाटते.

बर्नार्ड विल्यम्सने १९७६ मध्ये ‘नैतिक दैवा’ची चर्चा करताना गोगँचेच उदाहरण घेतले, तेही ऐतिहासिक तपशिलांचे बंधन न पाळता. घर सोडणाऱ्या कलावंताचे समर्थन होऊ शकत असेल तर ते यशानंतरच, आणि यश तर आधी ठाऊक नसते, हा त्याचा मुद्दा. मात्र विल्यम्सची एक सावधगिरी सहसा दुर्लक्षिली जाते : यश मिळाले तरी ज्यांना सोसावे लागले त्यांच्यापुढे त्या समर्थनाचा उपयोग होईलच असे नाही. मॉमच्या कादंबरीत नेमके हेच उरत नाही. तेथे सोसणाऱ्याकडूनच पावती लिहून घेतली जाते.

कादंबरीच्या रूपबंधाची ही अपरिहार्यता नव्हे. बाल्झाकच्या ‘अज्ञात श्रेष्ठकृती’त (१८३१) तरुण पूसाँ फ्रेनहोफरचे चित्र पाहायला मिळावे म्हणून आपल्या प्रेयसीला, जिलेतला, त्याच्यापुढे मॉडेल म्हणून उभी करतो. चित्रात दिसतो तो रंगांचा गोंधळ आणि त्यातून डोकावणारे एक पाऊल. सारे त्या फलकाकडे पाहत असताना कोपऱ्यात विसरली गेलेली जिलेत रडते आहे, याची आठवण लेखक ठेवतो. आणि तिला पूसाँचा तिरस्कार करण्याचा अधिकारही देतो. झोलाच्या ‘लव्हर’मध्ये (१८८६) क्लोद लांतिए स्वतःच्या मृत मुलाचे चित्र काढतो, पण त्या मृत्यूच्या बदल्यात झोला त्याला श्रेष्ठत्व बहाल करीत नाही. किंमत येथे किंमतच राहते.

यावर स्वायत्ततावादी आक्षेप संभवतो. सौंदर्यमूल्य नीतिमूल्याहून वेगळे, हा मर्ढेकरांपासून आपल्या समीक्षेला परिचित असलेला विचार. त्यामुळे कलावंताच्या वर्तनाची चौकशी अप्रस्तुत ठरते, असे म्हटले जाईल. हे तत्त्व मान्य केले तरी निष्कर्ष उलटाच निघतो. चित्राचे मूल्य खरोखर स्वायत्त असेल, तर ब्लांशच्या मरणाने ते जसे उणावत नाही तसे वाढतही नाही. स्वायत्ततेच्या नावाने कलावंताला माफी देणारा वाचक त्याच वेळी त्या मरणातून चित्राची थोरवी वाचत असेल, तर तो आपलेच तत्त्व मोडीत असतो.

मराठीत रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ (१९८४) या कादंबरीची स्थिती वेगळी आहे. रविवर्म्याची चित्रे १८९४ मध्ये निघालेल्या छापखान्यातून घराघरांत गेली. वाचक ती डोळ्यांत घेऊनच कादंबरी उघडतो. तेथे थोरवी सिद्ध करण्याचे ओझे कथनावर नसते. जेथे असते, तेथे समीक्षकाने एक साधा प्रश्न विचारावा : या पानांवर चित्राच्या बाजूने साक्ष देण्यासाठी कोणाला उभे केले आहे, आणि त्याला नकार देण्याची मुभा होती काय? जिलेतला ती होती. स्ट्रूव्हला नव्हती.