सिकलसेल आणि पितृऋण

सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळ्याच्या शिरपूर तालुक्यापासून जळगावच्या चोपडा, यावल, रावेरपर्यंत पसरलेल्या पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्यांत सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऐन थंडीत आश्रमशाळेत पहाटे गार पाण्याने अंघोळ झाली की एखाद्या मुलाचे गुडघे, पाठ, छातीची हाडे असह्य ठणकू लागतात. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू पोचत नाही. काही दिवसांनी ठणका थांबतो, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मुलगा कामचुकार ठरतो. वाढ मागे पडते, वयात येणे लांबते. बरोबरीच्या मुलींना पाळी सुरू झालेली असते, आजारी मुलीला नाही. अशा मुलांत उदासी आणि चिंता जास्त आढळते, हे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे. 'मलाच का?' हा त्यांचा प्रश्न. मोठी माणसे त्याला मागच्या जन्मीचे भोग, देवीचा कोप, कुणाची तरी नजर अशी उत्तरे देतात. मुस्लिम तडवी घरांत पुनर्जन्म नसतो, तिथे नशीब असते. या सगळ्या उत्तरांत मूल देणेकरी ठरते. माझ्या मते हा हिशेबच उलटा मांडला आहे.

आजाराचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात आहे. हा बदललेला जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो. तो बहुधा धडधाकट असतो आणि घातक हिवतापापासून त्याचा बऱ्यापैकी बचाव होतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवले. जिथे हिवताप लेकरे नेत असे, तिथेच हा जनुक टिकून राहिला; सातपुड्याचे जंगलही तसेच हिवतापाचे. मात्र दोघेही पालक वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे ज्या बदलामुळे आजे-पणजे तगले, गावे वसती राहिली, त्याची किंमत आज हे मूल ठणकणाऱ्या हाडांनी मोजते आहे. आपली परंपरा पितृऋण मानते, वंशजाने पूर्वजांचे देणे फेडावे असे सांगते. इथे पूर्वजांनी घेतलेला लाभ या मुलाच्या अंगावर वसूल होतो, आणि त्या लाभावर जगलेले आपण बाकीचे त्याचे देणेकरी आहोत. निसर्गाला न्याय-अन्याय नसतो, हिवतापाने कुणाशी करार केला नव्हता, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ऋण लागायला कुणाचा हेतू असावा लागत नाही. लाभ पदरात पडला की पुरे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी रोग पापांना जोडले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच परंपरेत चरकसंहिताही आहे. तिच्या विमानस्थानात आयुष्य आधीच ठरलेले असते का, असा प्रश्न अग्निवेश विचारतो, आणि त्याचे गुरू आत्रेय दैवाच्या बरोबरीने पुरुषकारालाही, म्हणजे माणसाच्या प्रयत्नालाही, वजन देतात. सगळे ठरलेलेच असेल तर औषधाला काय अर्थ उरला? शारीरस्थान तर बीजाच्या भागातला दोष गर्भाच्या त्या त्या अवयवात उतरतो असे सांगते. पापाविना रोगाचा विचार इथे परका नाही. 'भोग' म्हटल्याने आईच्या जिवाला आधार मिळतो, हे मला पटते. वर्षानुवर्षे दवाखान्याच्या खेपा घालणाऱ्या बाईकडून तो आधार हिसकावण्याचा अधिकार कुणाला नाही. पण ती ते म्हणते तेव्हा मूल शेजारीच बसलेले असते. तिचा आधार त्याच्यावर आरोप होऊन पडतो. कर्माचा विचार माणसाने स्वतःच्या पुढच्या वागण्यासाठी करावा. दुसऱ्याच्या, तेही लेकराच्या, वेदनेचे कारण म्हणून तो वापरणे मला अधर्म वाटते.

जनुकाची भाषाही दोष चिकटवू शकते, हे विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, उद्दिष्ट २०४७ पर्यंत निर्मूलनाचे. सोयरिकीआधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डे जुळवून पाहा, हा सल्ला योग्यच आहे. पण पंधरा वर्षांची रुग्ण मुलगी तो ऐकते तेव्हा 'मी जन्मायलाच नको होते' एवढेच तिच्या मनात राहू शकते. तपासणी करणाऱ्याने कार्ड हातात देताना तिच्याशी, शक्यतो पावरीत किंवा भिलीत, बोलायला हवे. आधी रक्त, ठणका, मग मन, अशी उतरंड लावणारे डॉक्टर मनुष्यबळ कमी असल्याचे सांगतात, आणि ती अडचण खरीच आहे. तरी या आजारावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यायची असते, आणि आपण शिक्षाच भोगतो आहोत असे मानणारे मूल ती कशासाठी घेईल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरले आहे. म्हणून थंडीत अंघोळीला गरम पाणी, वर्गात पाण्याची बाटली, तापात कवायतीतून सूट आणि ठणक्यात बुडालेल्या परीक्षेची दुसरी संधी हे सगळे मुलाने हक्काने मागावे, आणि शाळेने त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून पुरवावे.