ट्रक आभाळातून पडत नाहीत

लॅपटॉप मिटा आणि नीट ऐका. न्हावा शेवाच्या टर्मिनलवरचे तुमचे सिम्युलेशनचे प्रकल्प मी शेवटच्या पानापर्यंत तपासले. क्रेनचा वेग, यार्डातले थर, आरटीजींची, म्हणजे रबरी चाकांच्या यार्ड-क्रेनची, संख्या, जहाजांचं वेळापत्रक हे सगळं तुम्ही मन लावून भरलंय. आणि गेटवर ट्रक कसे येतात या प्रश्नाला एका ओळीत वाटेला लावलंय: दर 54 सेकंदांनी एक ट्रक. दिवसा तोच, रात्री तोच, रविवारीही तोच. उचलला आकडा आणि लावला सॉफ्टवेअरला!

हा आकडा कुठून आला ते मला दिसतंय. अभ्यासात आठवड्याचे 14,000 कंटेनर दिले होते, त्यातले 20 टक्के रेल्वेने जाणारे. उरलेल्या 11,200 ला तुम्ही 168 तासांनी भागलं आणि तासाला साधारण 67 ट्रक काढले. गेटला चार लेन, प्रत्येक ट्रकला 3 मिनिटं, म्हणजे गेटची ताकद तासाला 80. मग निष्कर्ष लिहिला: चार लेन पुरेशा, रांग शून्य. शून्य लिहिताना हात कसा थबकला नाही? 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख टीईयू (20 फुटी कंटेनरचं एकक) हाताळणारं हे बंदर आहे. करळ फाट्यावर, जासईच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग उरणच्या शाळकरी पोरांनीही पाहिली आहे. आपलं उत्तर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीशी भांडत असेल, तर उत्तर पुन्हा तपासायचं असतं, एवढंही तुम्हाला सुचलं नाही?

आता तुमचेच आकडे घ्या. तासाला 67 ट्रक, चार लेन, सरासरी 3 मिनिटं, काही बदलू नका. फक्त दोन ट्रकांमधलं अंतर आणि गेटवरचा वेळ घातांकी वितरणाने कमीजास्त होऊ द्या. गर्दीची वेळ नाही की संप नाही, तरी प्रत्येक ट्रकचं थांबणं सरासरी 3 मिनिटांवर जातं. मग संध्याकाळी 6 ते 10 या वेळात तासाला 100 ट्रक येऊ द्या. गेट तासाला 80 सोडतं, 20 मागे उरतात. रात्री 10 वाजता 80 ट्रक रस्त्यावर उभे असतील. एका ट्रेलरला मधल्या अंतरासकट 20 मीटर धरा, म्हणजे 1,600 मीटर रांग, आणि शेवटच्या ड्रायव्हरला एक तास खोळंबा. पहाटे तेवढेच ट्रक कमी आले की आठवड्याची सरासरी जिथल्या तिथे राहते. पंढरपुरात वर्षभराच्या गर्दीची सरासरी काढून आषाढी एकादशीची दर्शनबारी कुणी बांधेल का?

मुळात 11,200 कंटेनर म्हणजे 11,200 ट्रक हेच चूक आहे. एका ट्रेलरवर 20 फुटी दोन कंटेनर येतात. निर्यातीचा कंटेनर उतरवून तीच गाडी आयातीचा घेऊन बाहेर पडते. काहींनी तर टीईयूलाच ट्रक समजून भागाकार केलाय. 40 फुटी एक कंटेनर म्हणजे दोन टीईयू, पण गेटवर गाडी एकच, हे पहिल्या तासाला शिकवलं होतं.

याहून मोठा गुन्हा पुढे आहे. तुमचे ट्रक आभाळातून पडतात. खरा ट्रक एखाद्या जहाजासाठी येतो. निर्यातीच्या कंटेनरला जहाजाचं गेट उघडल्यावर आणि कट-ऑफच्या, म्हणजे माल स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आतच आत यावं लागतं, म्हणून कट-ऑफ जवळ आली की गाड्या दाटतात. जहाज उशिरा आलं की ही वेळ पुढे सरकते आणि गर्दीही तिच्याबरोबर सरकते. आयातीचा ट्रक कंटेनर जहाजावरून उतरल्याशिवाय येऊच शकत नाही. 2016 पासूनच्या डीपीडी, म्हणजे बंदरातूनच थेट माल देण्याच्या, योजनेतला माल आयातदाराने 48 तासांत उचलावा अशी अपेक्षा असते. सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांना, जाणारे कंटेनर त्या गोदामांच्या गाड्या एकामागोमाग एक उचलतात. तुमच्या मॉडेलमध्ये मात्र जहाज यायच्या आधीच त्याचा माल न्यायला ट्रक दारात हजर! एका प्रकल्पात तर यार्ड रिकामं असताना पहिल्या दिवसापासून आयातीच्या गाड्या आत सोडल्या, त्या यार्डात घुटमळत राहिल्या आणि त्या घुटमळण्याला 'यार्डातली कोंडी' असं नाव दिलं. कंटेनर किती आत आले, किती बाहेर गेले, किती उरले, हा ताळा घालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तो एकानेही घातलेला नाही.

ज्यांनी थोडे कष्ट घेऊन तासागणिक दर बदलला, त्यांनीही हुशारीच्या भरात सापळ्यात पाय टाकला. पहाटे 5 वाजता सरासरी अंतर 60 मिनिटं, 6 पासून 1 मिनिट. तुम्ही 5 वाजून 50 मिनिटांनी पुढचं अंतर काढलं, ते आलं 70 मिनिटं, आणि पुढचा ट्रक थेट 7 वाजता उगवला. सहा ते सात हा गर्दीचा अख्खा तास तुमच्या मॉडेलने गिळला. यावरचा उपाय लुईस आणि शेडलर यांनी 1979 मध्येच दिलाय. सगळ्यात मोठ्या दराने ट्रक निर्माण करा आणि त्या क्षणाचा दर भागिले सगळ्यात मोठा दर, एवढ्या शक्यतेने प्रत्येक ट्रक ठेवा किंवा वगळा. अरीनासारख्या सॉफ्टवेअरमध्ये आगमनाचा 'शेड्युल' पर्याय असतोच. तो निवडण्याऐवजी घातांकी अंतराची सरासरी दर तासाला बदलत बसलात, कारण मदतीचं पान उघडायचा कंटाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खरी माहिती वापरल्याचा अभिमान काहींनी पानभर मिरवलाय. गेटच्या नोंदीतल्या वेळा घेतल्या आणि त्याच ट्रकांच्या येण्याच्या वेळा म्हणून भरल्या. अरे, गेटवर नोंद होते ती ट्रक बूथपाशी पोचल्यावर. तो रांगेत कधी लागला, हे त्या नोंदीत नसतं. गेट तासाला 80 सोडत असेल, तर बाहेर 300 गाड्या उभ्या असल्या तरी नोंद 80 चीच होणार. म्हणजे तुम्ही रांगेतून गाळून निघालेले ट्रक पुन्हा रांगेच्या तोंडाशी आणून सोडले. रांग लागेल कशी? खरा माणूस उन्हात ताटकळला आणि तुमच्या आलेखात तो वेळेवर पोचला. रांगेच्या शेवटी उभं राहून मोजा, पार्किंग प्लाझातून गाडी सुटल्याची वेळ मिळवा, ट्रान्सपोर्टरच्या जीपीएसच्या नोंदी मागा. तेही जमत नसेल तर जहाजांच्या वेळापत्रकावरून मागणी उभी करा आणि गेटच्या नोंदी शेवटी पडताळणीसाठी ठेवा.

हे सगळं गुणांसाठी सांगत नाही. उद्या तुमच्यातलं कुणी बंदराच्या नियोजनात बसेल. तुमच्या अहवालातल्या शून्यावर विसंबून कुणीतरी पाचवी लेन रद्द करेल. त्याची किंमत मोजेल तो ड्रायव्हर, ज्याला फेरीमागे पैसे मिळतात आणि जो गेटवर दाखवायचा फॉर्म 13 हातात धरून, ना जेवण ना संडासाची सोय अशा रस्त्यावर केबिनमध्ये रात्र काढतो. मोजेल जासई-उरणचा दुचाकीस्वार, ज्याला उभ्या ट्रेलरांच्या कडेने अंधारात वाट काढावी लागते. कॅलिफोर्नियाने 2002 मध्ये कायदा केला की टर्मिनलच्या दारात ट्रक 30 मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन चालू ठेवून ताटकळला, तर टर्मिनलला 250 डॉलर दंड. त्यानंतर तिथल्या टर्मिनलांनी ट्रकना वेळा ठरवून द्यायला सुरुवात केली. रांगेतला वेळ मोजण्याजोगा आहे, हे आधी कुणालातरी वाटावं लागतं. तुम्हाला तो भागाकार करून पुसून टाकावासा वाटला.

तुम्हाला येत नाही असं मी म्हणत नाही. येतं म्हणूनच संतापलोय. क्रेनच्या हालचालीवर रात्री जागवल्यात, कारण ती पडद्यावर सुंदर दिसते. गेट पडद्याच्या कोपऱ्यात असतं म्हणून तुम्ही ते कोपऱ्यातच टाकलंत.

आता कामाला लागा. प्रत्येक जहाजामागे निर्यातीचे आणि आयातीचे कंटेनर वेगळे मांडा. रेल्वेचे आणि दुसऱ्या जहाजावर चढणारे वजा करा. कंटेनरचे ट्रक करा, जोडीचे आणि दुहेरी फेरीचे हिशेबात धरून. कट-ऑफपासून मागे आणि जहाजावरून उतरण्यापासून पुढे त्यांच्या वेळा वाटा. यार्ड भरल्यावरच मोजणी सुरू करा आणि एकाच धावेवर निष्कर्ष काढू नका, यादृच्छिक आकड्यांची बीजं (सीड) बदलून पुन्हा पुन्हा चालवा. सरासरी रांगेबरोबर सगळ्यात वाईट तासाची रांग लिहा, ती किती मीटर होते आणि कुठल्या फाट्यापर्यंत जाते तेही लिहा. आणि त्याआधी एक संध्याकाळ करळ फाट्यावर जाऊन उभे राहा, दोन ड्रायव्हरांशी बोला.

ट्रक कुठून आला, कुठल्या जहाजासाठी आला आणि त्याच वेळी का आला, हे ज्याला सांगता येणार नाही, त्याच्या प्रकल्पावर माझी सही होणार नाही.