बरोबर असलेलं घर

तीन वर्षांपूर्वी आमचं गावाकडचं माळवदाचं घर पाडलं, तेव्हा मी आईशी आठवडाभर धड बोलले नव्हते. धाराशिव जिल्ह्यातलं गाव. दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं सपाट छत. मे महिन्यात बाहेर चटके बसत असताना आत चटईवर पडलं की पंखाही नकोसा वाटायचा. आईला ते पाडून स्लॅबचं घर हवं होतं, आणि पैसे मी पुण्यातल्या नोकरीतून देणार होते. जाड भिंत उष्णता कशी रोखते, सिमेंट तयार करताना किती कार्बन हवेत जातो, हे सगळं मी तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू दिवाळीला चार दिवस येतीस. मिरगाच्या आधी माळवदावर माती टाकायला कोण चढतं? भिंती कोण लिंपतं? गळायला लागलं की रात्रभर भांडी मांडत कोण बसतं?"

स्लॅब पडला. माझ्या डोक्यातला वाद मात्र चालूच राहिला: माझं म्हणणं बरोबर असेल, तर तिने ते ऐकायला नको होतं का?

त्यानंतर वर्षभराने कंपनीने मला राजस्थानात पाठवलं. आम्ही सौरऊर्जा प्रकल्पांची माहिती गोळा करणारं सॉफ्टवेअर बनवतो. काम बीकानेर जिल्ह्यात होतं, मुक्काम इंदिरा गांधी कालव्याजवळच्या एका मंडीच्या गावात. पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात, त्या हरिके बंधाऱ्यापासून हा कालवा निघतो आणि सुमारे ६४९ किलोमीटर वाहत थेट जैसलमेर जिल्ह्यात पोचतो. काम सुरू झालं १९५८ मध्ये. जिथे पिढ्यान्‌पिढ्या ढगांकडे बघत बाजरी पेरली जायची, तिथे आता गहू, कापूस आणि मोहरी दिसते. पाण्याबरोबर माणसंही आली. हिमाचलमधल्या पोंग धरणात ज्यांची घरं बुडाली, त्यांनाही या वाळूत जमिनी देऊ केल्या गेल्या. नकाशावर चौकोन आखले, पंचवीस बिघ्यांचा एक मुरब्बा, आणि वस्त्यांना नाव म्हणून एक आकडा आणि वितरिकेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मला हसू आलं. आम्ही घाईत असलो की व्हेरिएबलला अशीच नावं देतो.

राहायला मिळालेली खोली भाजक्या विटांची होती, वर दगडी पट्ट्यांचं छप्पर. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही छप्पर अंगावर धग सोडायचं. सगळं गाव गच्चीवर झोपायचं. गच्चीवर पडून मी फोनवर शोधत होते की नव्याने पाणी मिळालेल्या वाळवंटात घरं कशी बांधावीत यावर कुणी विचार केला आहे की नाही.

केला होता, आणि फार सुंदर केला होता. हसन फतही (१९००–१९८९) हे इजिप्तचे वास्तुरचनाकार. १९६४ मध्ये कैरोत मातीच्या विटांची खोली आणि तयार काँक्रीटची खोली यांची तुलना करणारा प्रयोग झाला, त्यावर त्यांनी लिहिलं आहे. मार्च महिन्यात मातीच्या खोलीतलं तापमान दिवसरात्र २१ ते २३ अंशांच्या आसपास राहिलं. काँक्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत तापली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त. आईशी भांडताना हे आकडे माझ्या हाताशी असायला हवे होते, असं मला वाटून गेलं.

त्याच सुमारास इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात, खारगा मरूद्यानाच्या भागात, जमिनीखालच्या पाण्यावर शेती वाढवायची सरकारी योजना चालू होती. तिथे येणाऱ्या अडीचशे कुटुंबांसाठी न्यू बारिस नावाचं गाव रचायचं काम फतहींकडे आलं. जाड मातीच्या भिंती, सावली पडावी म्हणून अरुंद गल्ल्या, आतली अंगणं, भाजीपाला टिकावा म्हणून बाजाराला वारा पकडणारे मनोरे. उष्णतेचं गणित चोख होतं. १९६७ चं युद्ध आलं, काम थांबलं आणि ते गाव कधी वसलंच नाही.

दोष युद्धाचा, हे खरं. पण मला दुसरंच काही खटकत होतं. आराखडा झाला तेव्हा तिथे राहणारी माणसं ठरलेलीच नव्हती. ज्यांच्याशी बोलावं असं कुणी नव्हतंच. फतहींना याची जाणीव होती, म्हणून त्यांनी आसपासच्या जुन्या वस्त्यांचा अभ्यास केला. त्याआधी लक्झरजवळच्या न्यू गुरना या त्यांच्या गावात माणसं ठरलेली होती, पण ती यायलाच तयार नव्हती. प्राचीन थडग्यांवर वसलेली त्यांची जुनी घरं आणि त्यांभोवतीचं पोट भरायचं साधन त्यांना सोडायचं नव्हतं. या अपयशाबद्दल फतहींनी स्वतःच मोकळेपणाने लिहिलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथेच वाढला.

मग कालव्याकाठी ज्यांनी आपापल्या बुद्धीने विटा आणि दगडी पट्ट्यांची खोकी बांधली, ती माणसं चुकली का? तिथे चार आठवडे राहिल्यावर मला तसं म्हणता येईना. एक तर वाळवंटाला पाणी मिळालं की वाळवंट पूर्वीचं राहत नाही. या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली पाणी न झिरपू देणारा थर आहे. कालव्याची गळती आणि शेतात सोडलेलं जादा पाणी तिथे अडतं, वर येतं आणि येताना क्षार आणतं. हनुमानगढ जिल्ह्यात बडोपलकडे अशी जमीन खारट दलदल झाली. अशा ओलीत मातीची भिंत पायातूनच खचते, तिला लोणा लागतो. जी भिंत कोरड्या वाळूत शंभर वर्षं उभी राहते, ती कालव्याच्या पाण्यात तेवढी टिकेलच असं नाही. खारग्यात प्रश्न उलटा आहे. तिथलं खोल विहिरींचं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे आणि उपसलं की जवळजवळ भरून येत नाही.

दुसरी गोष्ट मला घरमालकिणीने शिकवली. माझ्या मुक्कामात नहरबंदी सुरू झाली. दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात, त्याला तिकडे हा शब्द आहे. नळ आटले, टँकरच्या रांगा लागल्या. आमच्या घरी पाणी होतं, कारण अंगणाखाली जुनं कुंड होतं आणि गच्चीचं पावसाचं पाणी त्यात उतरत होतं. वाळवंटातली ही जुनी रीत आहे: उतरती, स्वच्छ राखलेली जागा, तिला आगोर म्हणतात, आणि मध्ये झाकलेला गोल हौद. नळ आल्यावर शेजाऱ्यांनी कुंडं बुजवली, तुम्ही का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नळ सरकारचा आहे, कुंड माझं आहे." आणि मातीचं घर? त्यावर त्या हसल्या. सासूबरोबर शेण-मातीने भिंती सारवत त्यांची वीस वर्षं गेली होती. ते त्यांना परत नको होतं.

म्हणजे जुनं सगळं टाकलं असं नव्हतं. जे त्यांच्या कमरेवर टिकलं होतं ते त्यांनी सोडलं, आणि जे त्यांच्या हातात सत्ता ठेवत होतं ते ठेवलं.

आमच्या टीममध्ये एक नियम आहे: ज्याने कोड लिहिला, त्यानेच रात्री तो बंद पडल्यावर फोन उचलायचा. दोन-तीनदा रात्री अडीचला उठावं लागलं की माणूस आपोआप वेगळा कोड लिहायला लागतो. घराच्या बाबतीत हा नियम नाही. टिकाऊ घर रचणारा एक, त्याचं कौतुक करणारी माझ्यासारखी दुसरी, आणि रात्री भांडी मांडणारी तिसरीच. शाश्वत म्हणजे टिकणारं, पण कुणाच्या श्रमावर टिकणारं हा रकाना आपल्या हिशेबात नसतो. माझ्या कार्बनच्या आकडेमोडीत आईचे गुडघे कुठेच नव्हते.

याचा अर्थ लोकांनी निवडलं तेच बरोबर, असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं सोयीचं आहे, कारण त्यात रचणाऱ्याची जबाबदारीच संपते. आईपुढे दोनच पर्याय होते: मातीचं घर आणि तिचे कष्ट, किंवा स्लॅब आणि उकाडा. थंड राहील आणि दरवर्षी छतावर चढायला लावणार नाही असा तिसरा पर्याय तिच्यापुढे कुणी मांडलाच नाही, मीही नाही. दोन वाईटांतून एक उचलणाऱ्या माणसाला आपण "त्याची निवड" म्हणून मोकळे होतो.

उद्या कुठल्याही वाळवंटात पाणी पोचेल आणि नवं शहर आखलं जाईल, तेव्हा माझ्या मते पहिला प्रश्न भिंतीच्या जाडीचा नसावा. ज्या दिवशी पाणी येणार नाही, त्या दिवशी या घरात कोण काय करेल, हा असावा. आणि उत्तरात एकाच माणसाचं नाव वारंवार येत असेल, तर आराखडा परत काढावा, आकडे कितीही बरोबर असले तरी.

परत आल्यावर मी गावी गेले. आईचा स्लॅब तापतो, हे ती आता मान्य करते. आम्ही गच्चीला पांढरा चुना दिला, त्याने थोडा फरक पडला. अंगणातला आड बुजवायचा ठरला होता, तो राहू दिला, आणि गच्चीचं पाणी गाळून त्यात सोडलं. पाइप बसवताना मी शिडीवर होते, आई खाली उभी राहून सूचना देत होती.

"गाळणी साफ करायला कोण चढणार?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. मग गाळणी वरून काढून तिच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवली.