पाव मिलिमीटरचा ठिपका

माणसाला नेमकं किती स्पष्ट दिसावं, हा प्रश्न उपनिषदांतल्या ऋषींना पडला असेल तर असो. मला तो श्रीवर्धनला, घराच्या ओटीवर, संगणकाचा मॉनिटर घ्यायच्या वेळी पडला.

त्याचं असं झालं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या आणि कपाटातले फोटो भिजले. वाचले तेवढे भाच्यानं स्कॅन करून दिले. पण माझा जुना मॉनिटर असा, की त्यावर काका कोण आणि आत्या कोण, हे मिशीवरून ठरवावं लागे!

"मामा, फोर-के घ्या. त्र्याऐंशी लाख ठिपके!" भाचा फोनवर म्हणाला.

"मला काय ते मोजायला बसायचंय?"

याच गावच्या बाळाजी विश्वनाथांनी १७१३ साली पेशवाई मिळवली, ती एकही ठिपका न मोजता. पण माझं बजेट पंधरा हजारांचं, त्यामुळे मोजणं आलंच. फुल एचडीचे एकवीस लाख ठिपके सत्तावीस इंचांवर पसरले, की अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. फोर-के खिशाबाहेरचा, शिवाय माझ्या संगणकाची एचडीएमआय जुन्या पिढीची, ती त्यावर सेकंदाला तीसच चित्रं दाखवणार. म्हणजे माऊसचा बाण संधिवात झाल्यासारखा चालणार! राहिला मधला, १४४० वाला. सदतीस लाख ठिपके, आणि एकेक ठिपका पाव मिलिमीटरहून जरा लहानच. ऐंशी सेंटिमीटरवर बसलं, की निरोगी डोळ्यालाही ते सुटे दिसत नाहीत. चष्म्यासकट माझा डोळा निरोगीत मोडतो. घेतला!

पहिलाच फोटो उघडला तो १९७४ चा. मी कॉलेजसाठी मुंबईला निघालो त्या दिवशीचा. शेजारी आई. 'त्या वर्षी सुपारीला भाव चांगला आला, म्हणून तुझी फी निघाली,' असं वडील सांगत. मीही ती गोष्ट पन्नास वर्षं चारचौघांत रंगवून सांगत आलो. फोटोत आईनं पदर हातावर ओढून घेतला होता. पण एक मनगट उघडं राहिलं होतं. त्यावर नुसत्या काचेच्या बांगड्या. आदल्याच श्रावणातल्या, ताईच्या मंगळागौरीच्या फोटोत त्याच हातात पाटल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, फोटो मोठा करून जुन्या पडद्यावरही हे दिसलं असतं. दिसलं असतं की! पण मोठं करून पाहायला आधी मनात शंका यावी लागते. ती मला कधी आली नाही. येऊ नये अशी माझी सोयही होती.

मग वाटलं, तिनं पदराखाली झाकलेलं आपण का पाहावं? ज्यानं दिलं त्याला ते लपवायचा हक्क नाही का? बराच वेळ विचार केला. तिला तो हक्क होता. पण म्हणून मला न पाहण्याचा हक्क मिळत नाही. लपवणं हा तिचा मोठेपणा. न पाहणं हा माझा नव्हे.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "काय मामा, पैसे वसूल?"

"वसूल कुठले रे," मी म्हटलं, "जुनं देणं निघालं."